अठ्ठावीस डोक्यांचा डबा

एर्मेकने ते मला सरळ सांगितलं नाही, हेच जास्त झोंबलं. आधी दोन वाट्या चहा प्यायला, तळलेले बोर्सोक खाल्ले, माझ्या गुडघ्यांची चौकशी केली आणि मग दारात बुटाची नाडी बांधता बांधता, मान खाली घालून म्हणाला, "एजे, आमच्या फर्निचरच्या कारखान्यात कटाईचं नवं मशीन आलंय. ते कागद वाचत नाही. त्याला फाईल लागते."

"मग फाईल देईन."

"तुम्ही?" नाडी त्याच्या हातातून सुटली.

छत्तीस वर्षं मी ड्रॉइंग काढते आहे. सुरुवातीला सिंचनाच्या सरकारी संस्थेत, उभ्या फळ्यासमोर, धरणांचे दरवाजे काढायचे. संस्था बंद पडली, तिच्या जागी दुकानं आली आणि मी कपाटं काढायला लागले. धरणाच्या दरवाजापेक्षा कपाटाचा दरवाजा अवघड. धरणाचा दरवाजा गिऱ्हाईक रोज सकाळी मोजा शोधायला उघडत नाही. निम्म्या बिश्केकची स्वयंपाकघरं माझ्या पेन्सिलीतून उतरली आहेत, आणि मला एजे, म्हणजे थोरली बहीण, म्हणणारा हा पोरगा विचारतो, तुम्ही?

"सरोवराकाठच्या हॉटेलची ऑर्डर आहे," तो म्हणाला. "चाळीस खोल्या. एका कपाटाची पूर्ण फाईल तीन आठवड्यांत द्या, तिसऱ्या शुक्रवारपर्यंत. मग सगळं काम तुमचं. नाही जमलं तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. राग मानू नका, एजे."

राग मी मानलाच. दार लावलं आणि तो जिना उतरेपर्यंत त्याला मनातल्या मनात काय काय म्हणून घेतलं. हे काम गेलं की मी कोण? खिडकीत मिरचीची रोपं लावून दिवसभर त्यांच्याशी बोलणारी आणखी एक म्हातारी. आमच्या इमारतीत तशा सहा आहेत. सातवी नको होती.

एर्मेकला माहीत नव्हतं, पण दोन महिने मी लारीसा किमच्या वर्गाला जात होते. कॉम्प्युटरवर ड्रॉइंग शिकवणारी, चाळिशीची, मोजकं बोलणारी बाई. वर्गात सगळी विशीतली पोरं आणि मी. स्टूल काढलं, खुर्ची काढली, एक खणाचं टेबल काढलं. हात बसत चालला होता. पण कॉम्प्युटर वर्गाचा, तासापुरता. आता स्वतःचा हवा होता.

"बुरुल सादिकोव्ना," लारीसा म्हणाली, "जास्त डोक्यांच्या मागे लागू नका. एक डोकं चपळ हवं." मी वहीत लिहून घेतलं. अर्थ कळला नाही, पण अक्षर सुरेख आलं.

मग मी बाजारात गेले, आणि तिथून गोंधळाला सुरुवात झाली. पहिल्या गाळ्यातल्या वादिमने विचारलं, "खेळासाठी की कामासाठी?"

"कपाटासाठी."

"कपाटात ठेवायला? मग लॅपटॉप घ्या."

त्याला समजावलं. तो म्हणाला, सगळं ग्राफिक्स कार्डावर असतं, बाकी काहीही चालेल. शेजारच्या गाळ्यातली मुलगी म्हणाली, कार्ड म्हणजे निव्वळ भपका, मेमरी घ्या, मिळेल तेवढी मेमरी. तिसरा म्हणाला, मेमरीचं काय करायचंय, डिस्क बदला. आमच्या खालच्या मजल्यावरचा असानबेक मागच्या वर्षापर्यंत गावाकडच्या गोठ्यात पन्नास कार्डं लावून आभासी नाणी खोदायचा. वीज तोडल्यावर त्याच्याकडे कार्डांचा ढीग उरला होता. त्यातलं एक तो मला भाकरीसारखं फडक्यात गुंडाळून दाखवायला घेऊन आला. "एजे, दोन वर्षं एकदाही बंद केलेलं नाही. म्हणजे बघा किती मजबूत!" मला ती गोष्ट घोड्याबद्दल सांगितली असती तर मी तो घोडा घेतला नसता. पण हा घोडा नव्हता, म्हणून मी मान डोलावली.

आठ दिवसांत माझ्या वहीची सात पानं भरली. प्रत्येक पानावर सांगणारा वेगळा, आणि प्रत्येकाची खात्री दगडासारखी. खात्री नव्हती ती फक्त लारीसाची. ती म्हणाली, "तुमचं कपाट एकदा त्यावर चालवून बघा, मग ठरवा." पण कपाट अजून झालंच नव्हतं. ते काढायलाच तर कॉम्प्युटर हवा होता! असल्या सल्ल्याचं माणसाने काय लोणचं घालायचं?

आणि मग मला ठरवावंच लागलं नाही. माझी मुलगी बेगाय हिने हा सगळा गोंधळ सासरी जेवताना सांगितला, आणि रविवारी सकाळी व्याही दारात हजर.

जुमादिल म्हणजे टायरच्या दुकानाचे मालक. आवाज ट्रकचा, मन त्याहून मोठं. पाठीमागे दोन कामगार, त्यांच्या हातात खोकं.

"कुदागी! व्याहीणबाई! दाराच्या दोन्ही फळ्या उघडा! नवरी आणलीय!"

खोक्यातून निघाला एक काचेचा डबा. फ्रिजच्या अर्ध्या उंचीचा, आत चार पंखे, आणि चालू केल्यावर लाल, निळे, जांभळे दिवे. कामगारसुद्धा पाहत राहिले.

"अठ्ठावीस डोकी आहेत ह्याला, अठ्ठावीस!" व्याही म्हणाले. "विकणारा सांगत होता, आधी हा कुठल्याशा बँकेच्या तळघरात होता. एकट्याने अख्खी बँक ओढायचा. तुमची कपाटं म्हणजे ह्याला शेंगदाणे!"

माझ्या मनात लारीसाची ओळ डोकावली, जास्त डोक्यांच्या मागे लागू नका. पण व्याह्याने उंबरठ्याच्या आत आणलेली वस्तू कोण परत पाठवतं? माझी मुलगी त्यांच्या घरात नांदते. मी त्यांचे आभार मानले, कणीक मळायला घेतली, मटण शिजवलं, आणि जाताना त्यांच्या खांद्यावर नवा चपान, आमचा मानाचा लांब अंगरखा, घातला. शेजारणी डबा बघायला आल्या आणि नवी सून किंवा नवं बाळ बघितल्यावर देतात तसा प्रत्येकीने कोरुमदुक दिला. कुणी चहाचं पाकीट ठेवलं, कुणी खडीसाखर. वरच्या मजल्यावरच्या बाईने तर डब्यावर रुमालच बांधला. रुमालाखालून जांभळा उजेड येत होता आणि मला खरंच वाटलं, आता सगळं झालं.

कपाट काढायला आठ दिवस लागले. चारशे बारा तुकडे, बिजागऱ्या आणि स्क्रू धरून. जसजसं कपाट भरत गेलं तसतसा डबा जड होत गेला. शेवटी हॉटेलची मापं जुळवायची तेवढी उरली, आणि मी रुंदी बदलली. सहाशेची साडेसहाशे. एकच आकडा. पडदा पांढरा पडला आणि वर अक्षरं आली, प्रोग्रॅम प्रतिसाद देत नाही. चार पंखे घोंघावले, दिवे निळ्याचे जांभळे झाले, जांभळ्याचे लाल. मी चहा केला, प्यायले, वाटी विसळली. मग कपाट हललं. मी बिजागरी सरकवली. पुन्हा पांढरा पडदा.

मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं दाबतेय. वर्गात तर सगळं झरझर व्हायचं. पण वर्गात स्टूल होतं, कपाट नव्हतं. आणि वर्गात शेजारी लारीसा असायची. मग मी हळू दाबून बघितलं. मग जोरात. मग चष्मा बदलला. एका आकड्यासाठी चहाची एक वाटी, असे किती आकडे बदलायचे? अठ्ठावीस डोकी ज्याला आहेत तो मठ्ठ कसा असेल? मठ्ठ असेल तर ते एकोणतिसावं डोकं, जे त्याच्या समोर बसलंय. हा हिशेब मला पटला, आणि पटला म्हणून मला रडू आलं.

दुसऱ्याच दिवशी व्याही दोन मित्रांना घेऊन आले, भेटीचं काम बघायला. तिघेही टोप्या न काढता पडद्यासमोर बसले.

"दाखवा कुदागी! सरकवा काहीतरी!"

मी कपाट फिरवलं. ते छान फिरलं. मित्रांनी कौतुकाने जिभेने चक् केलं. मग मी, माझी अवदसा, रुंदी बदलली. पडदा पांढरा.

आम्ही चौघं त्या पांढऱ्याकडे बघत बसलो. व्याह्यांच्या मानेवर लाली चढली. एका मित्राने दुसऱ्याकडे पाहिलं. मला ते बघवेना. माणूस एवढ्या हौसेने आणतो आणि त्याच्याच मित्रांसमोर त्याची भेट तोंडघशी पडते.

"अगंबाई, मीच चुकीचं दाबलं," मी म्हणाले. "हात थरथरतो हो आता. वय झालं. डबा एकदम उत्तम आहे, चालवणारीच गाढव."

तिघांनी सुस्कारा सोडला आणि हसले. व्याही सगळ्यात मोठ्याने. "काही हरकत नाही! नव्या घोड्याला स्वार ओळखायला वेळ लागतो!"

मी पण हसले. आपण किती समजूतदार, असंही वाटलं. गाढव ते गाढवच.

मंगळवारी एर्मेकचा फोन आला. "एजे, मी हिवाळी टायर बसवायला गेलो होतो. तुमचे व्याही सांगत होते... म्हणजे खूप प्रेमाने सांगत होते. की एवढं मोठं मशीन आणून दिलं, पण बिचारीला जमत नाही. मी म्हटलं, तुम्हाला उगाच त्रास नको. मी एक मुलगा बघतोय."

"शुक्रवार झालाय का?" मी विचारलं.

"नाही, पण..."

मी फोन ठेवला. हात खरोखरच थरथरत होता. मी म्हटलं होतं तसाच.

लारीसाला मी बोलावलं नव्हतं. मी वर्गाला गेले नाही म्हणून ती दुपारी आपणहून आली. मी तिला म्हटलं, "तुझा वेळ वाया गेला. ह्या डोक्यात काही शिरत नाही." तिने डब्यावरचा रुमाल सोडला, घडी घातली, बसली, आणि माझ्या कपाटाची रुंदी बदलली. पांढरा पडदा. मग तिने शेजारी एक छोटी खिडकी उघडली. तिच्यात चौकोन होते, ओळीने. मी मोजले. अठ्ठावीस.

"हे बघा. ही ह्याची डोकी, म्हणजे प्रोसेसरचे कोअर. जे काम करतंय ते भरून दिसतं."

एक चौकोन काठोकाठ भरला होता. सत्तावीस रिकामे होते.

"बाकीचे काय करताहेत?"

"बसलेत. मापं बदलली की कपाट पुन्हा उभं करायचं काम एकामागून एक होतं, बुरुल सादिकोव्ना. ते वाटून घेता येत नाही. एकानेच ओढायचं असतं. बँकेत हजार माणसं हजार छोटी कामं मागतात, तिथे हा बरोबर. तुमच्याकडे एकच काम आहे, आणि ह्यातला एकेक जण संथ आहे. एकच चपळ हवा होता."

संस्थेत आम्ही ड्रॉइंगच्या खोलीत जेमतेम तेवढेच जण होतो. शनिवारी कोण राबायचं आणि कोण खिडकीत सूर्यफुलाच्या बिया फोडायचं, ते मला अजून आठवतं. मी हसायला लागले. मग एकदम संताप आला, इतका की मी चप्पल काढली. लारीसाने माझा हात धरला.

"म्हणजे मी नाही?" मी विचारलं.

"तुम्ही नाही."

"पुन्हा सांग."

"तुम्ही अजिबात नाही. तुमचं कपाट माझ्या वर्गातल्या कुणालाही जमणार नाही."

ती गेल्या गेल्या मी बेगायला फोन केला. सगळं सांगितलं आणि म्हटलं, मी तुझ्या सासऱ्यांशी आत्ता बोलते.

"आपा, नको!" पोरगी जवळजवळ किंचाळली. "चारचौघांत दिलेली वस्तू आहे. आता ती वाईट म्हणायची? उयात होईल ग, लाज जाईल. मला इथे राहायचंय. ते किती कौतुकाने सांगतात तुझं!"

"कौतुक? माझं काम गेलं त्या कौतुकात!"

"मग नवा घे गुपचूप आणि हा कोपऱ्यात राहू दे."

"आणि एर्मेकला काय सांगू? नवा घेतला कारण जुना उत्तम होता?"

तिचं खरं होतं. माझंही खरं होतं. दोन खऱ्या गोष्टी एका कपाटात मावत नव्हत्या, आणि माप कुठे चुकलं ते सापडत नव्हतं. आधी निदान एवढं माहीत होतं की गाढव मी आहे. आता तेही राहिलं नाही.

बुधवारी सकाळी बेगायचा फोन आला. "आपा, तुझी फाईल घेऊन दुकानात ये. काही विचारू नकोस."

बेगाय सासऱ्यांच्या दुकानात पावत्या करते. गल्ल्याच्या खाली तिचा कॉम्प्युटर, वह्यांच्या गठ्ठ्याएवढा राखाडी खोका. मागच्या वर्षी पावत्यांसाठीच घेतलेला. त्यावर टायरची पत्रकं आणि चहाच्या वाटीचे गोल डाग. दुकानात दोन कामगार चाक उतरवत होते, व्याही गिऱ्हाइकाशी बोलत होते.

"मी काल लारीसाताईंना फोन केला," ती खालच्या आवाजात म्हणाली. "त्या म्हणाल्या, ह्यात सहाच डोकी आहेत, पण एकेक तरतरीत. प्रोग्रॅम काल घालून घेतला. बस."

मी बसले. कपाट उघडलं. फिरवताना ते जरा अडखळलं. मग मी रुंदीच्या आकड्यावर गेले. सहाशे पुसले. साडेसहाशे लिहिले. बोट उचललं.

कपाट रुंद झालं होतं. दारं, फळ्या, खण, बिजागऱ्या, चारशे बारा तुकडे, सगळे आपापल्या जागी सरकून उभे होते. मी पुन्हा सहाशे केलं. झालं. पुन्हा साडेसहाशे. झालं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं ते थांबेना.

"काय झालं कुदागी?" व्याही धावत आले. "बिघडलं? बेगाय, काय झालं?"

"नाही हो कुदा. चाललं."

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. खाली राखाडी खोक्याकडे पाहिलं. पुन्हा पडद्याकडे. "ह्याच्यावर चाललं? मग मी दिला तो?"

आत्तासुद्धा सांगता आलं असतं की आज हात स्थिर होता. ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं, माझ्या आईने, आजीने हजारदा वापरलेलं. मी बेगायकडे पाहिलं. ती पावत्यांचं पुस्तक छातीशी धरून उभी होती, आणि तिने मान हलवली. नाही म्हणून नव्हे. हो म्हणून.

"तो संथ आहे, कुदा," मी म्हणाले. "मी नाही. त्या दिवशी मी खोटं बोलले."

हवा भरायचं यंत्र नेमकं तेव्हाच थांबलं. दोन्ही कामगारांनी ऐकलं, गिऱ्हाइकाने ऐकलं. व्याही टायरच्या चळतीवर बसले. त्यांची मान पुन्हा लाल झाली होती.

"विकणाऱ्याने मला विचारलं होतं," ते म्हणाले. "म्हणाला, कामासाठी असेल तर हा लहान घ्या. मी म्हटलं, व्याहिणीच्या घरी एवढासा डबा घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील?"

"आणि मी म्हटलं, व्याह्यांचा डबा संथ आहे असं सांगू? लोक काय म्हणतील?"

कुणीच हसलं नाही. मग त्यांनी बेगायकडे हात पुढे केला. "त्या फर्निचरवाल्याचा नंबर लाव."

त्यांनी फोनचा आवाज मोठा करून गल्ल्यावर ठेवला. "एर्मेक, मी जुमादिल, टायरवाला. त्या दिवशी तुला व्याहिणीची गंमत सांगितली होती. ती खोटी होती. हात तिचा बरोबर होता. डबा मी चुकीचा आणला. हो, मी. पुन्हा सांगू? डबा मी चुकीचा आणला. इथे कामगार आहेत, गिऱ्हाईक आहे, सगळे ऐकताहेत."

एवढ्या वर्षांत त्या माणसाला 'मी चुकलो' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. बेगायनेही नसावं. तिने तोंडावर हात ठेवला होता.

पलीकडून एर्मेकने विचारलं, "एजे आहेत का तिथे?" मग म्हणाला, "एजे, वीस खोल्या मी काल त्या मुलाला देऊन बसलो. शब्द दिला. उरलेल्या वीस तुमच्या. मला वाटलं, तुम्हाला खरंच जमत नसेल."

मला त्याला खूप काही सुनवायचं होतं. शुक्रवार अजून दोन दिवस लांब होता.

"तुला वाटलं, ते जाऊ दे," मी म्हणाले. "मलाही तसंच वाटलं होतं."

उरलेली मापं जुळवून फाईल मी तिथूनच पाठवली. व्याही म्हणाले, हा राखाडी खोका आजच तुमच्या घरी येईल, बेगायसाठी दुसरा आणू. बेगाय म्हणाली, काचेच्या डब्यातलं कार्ड ह्यात बसतं असं लारीसाताई म्हणाल्या, म्हणजे कपाट फिरवतानाही अडखळणार नाही. व्याह्यांचा चेहरा जरा उजळला. "म्हणजे थोडं माझंही?"

"थोडं तुमचंही."

मग गिऱ्हाईक आलं आणि ते उठून गेले. दहा मिनिटांनी एर्मेकचा निरोप आला, मशीनने फाईल वाचली, पहिली फळी कापून झाली. मी टायरची पत्रकं बाजूला सारली आणि साडेसहाशेचं कपाट सातशेचं करून बघितलं. तसं करायला काहीच कारण नव्हतं.